अण्णाजींच्या जागी

१

कॅमेरा घरात आला त्या दिवशी रीता म्हणाली, "शिटी मारायचं वय गेलं, म्हणून आता डोळा मारायचं यंत्र आणलं का?" रीता माझी बायको. तिच्या टोमण्यांना मी तोंडाने उत्तर देत नाही, फोटो काढून दाखवतो.

मी वर्ध्याला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भिंग, प्रकाश, छाया हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो आहे. त्यामुळे डिजिटल फोटोग्राफी आपल्याला डाव्या हातचा मळ असणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि सांगायला संकोच नाही, तसंच झालं. आमच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातले बाकीचे हौशी लोक कॅमेरा ऑटोवर टाकतात, बटण दाबतात आणि खाली ठसठशीत अक्षरांत आपलं नाव टाकतात. मी पहिल्या दिवसापासून सगळं हाताने लावतो. कॅमेऱ्याला जे दिसतं ते का दिसतं, हे मला माहीत असतं. पुढचं सगळं मी याच खात्रीने सांगणार आहे.

दर रविवारी सकाळी मी बोर धरणावर पक्षी टिपायला जायचो. पक्ष्यांनी मला फारशी दाद दिली नाही. खंड्याचा म्हणून मी जो फोटो ग्रुपवर टाकला, त्याखाली "धनंजय सरांनी पाण्यात पडलेली निळी पिशवी छान टिपली आहे," असं एकाने लिहिलं. मग मी माणसांकडे वळलो. माणसं उडून जात नाहीत.

धरणावरून परतताना हिंगणीला देवकाबाईंकडे चहा ठरलेला. देवकाबाई माझी सख्खी मावशी. तिचं आणि तिच्या धाकट्या दिराचं, श्रावणकाकांचं, घर एका भिंतीला भिंत लावून आहे, अंगण एकच. श्रावणकाका वांगी, कोथिंबीर, पालक लावायचे आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे. फोटोची त्यांना भारी हौस. मी गाडी लावेपर्यंत केसांना पाणी लावून तयार असायचे. "काढ बापू, मंग मी काई जवान होनार नाई," असं म्हणत ते कोथिंबिरीच्या वाफ्यात उभे राहायचे, आणि त्यांची बायको शालूकाकू तोंडाला पदर लावून हसायची.

२

मावशीचे यजमान, अण्णाजी, वर्षापूर्वी गेले. त्यांचा फोटो नव्हता. म्हणजे आयुष्यभरात त्यांनी तो काढूच दिला नाही. कॅमेरा दिसला की शांतपणे उठून गोठ्याकडे जायचे. लग्नाच्या फोटोंत त्यांच्या तोंडापुढे कोणाचा तरी हात, नाहीतर फेटा. आधार कार्डावरचा तेवढा एक सक्तीचा फोटो होता, तो मी मोठा करून पाहिला, तर पोलिसांना हवा असलेला कोणी इसम तयार झाला. मावशीने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हा कोन होय?"

तेरवीला पाटावर नुसती त्यांची टोपी ठेवून भागवलं होतं. आता वर्षश्राद्ध आलं. "बिना फोटोचं वर्षश्राद्ध करू काय?" मावशी म्हणाली. "लोकं टोपीच्या पाया पडतीन काय?"

तोडगा मी काढला. श्रावणकाका म्हणजे अण्णाजींची दुसरी प्रत. तेच कपाळ, तेच जाड नाक, तीच खाली वळलेली मिशी. फरक एकच, अण्णाजींच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा तरुणपणी गोऱ्ह्याच्या शिंगाने गेला होता. टोपी कानावर ओढली की तोही प्रश्न मिटतो. काकांना अण्णाजींचे कपडे घालून बसवायचं आणि फोटो काढायचा. मावशीला ते लगेच पटलं. काका तर हसतच सुटले. "भावासाठी येवढंबी नाई करू काय?"

शालूकाकूला मात्र पटलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "धनू, जित्या मानसाच्या फोटोले हार घालसान काय?"

"काकू, हा फोटो श्रावणकाकांचा नाहीच. अण्णाजींचा आहे."

"बसून तं हेच राह्यले नं."

"बसलं कोणीही. ज्याच्या नावानं लावला, त्याचा फोटो."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

ओट्यावर अण्णाजींची लाकडी खुर्ची मांडली. काकांनी त्यांचं धोतर नेसलं, खांद्यावर शेला घेतला, टोपी मी स्वतः कानावर ओढून बसवली. सकाळचं ऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून चेहऱ्यावर मऊ पडत होतं. इतका चांगला प्रकाश पैसे देऊनही मिळत नाही. "काका, हसू नका," मी म्हणालो, "अण्णाजी हसत नव्हते." काकांनी हसू आवरलं. मी पटापट फोटो घेतले.

"झालं, उठा काका."

ते उठले नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हते. मला वाटलं, भावाची आठवण आली असेल, म्हणून मी कॅमेरा आवरत बसलो. मग दारातून मावशी म्हणाली, "उठा आता. जेवाले वाढते." तेव्हा ते उठले. मावशी धाकट्या दिराला कायम अरे-तुरे करायची. ती 'उठा' म्हणाली हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी सोडून दिलं.

३

फोटो अप्रतिम आला. रीतासुद्धा काही बोलली नाही, यावरून काय ते समजा. मी वर्ध्यात मोठा प्रिंट काढून घेतला, चांगली फ्रेम केली आणि वर्षश्राद्धाच्या सकाळी हिंगणीला नेला. मावशीच्या मधल्या खोलीत दक्षिणेकडच्या भिंतीवर सासू-सासऱ्यांचे फोटो आहेत. त्यांच्या शेजारी लावला. खोलीला खिडकी एकच, तीही गोठ्याकडची, त्यामुळे तिथे भर दिवसा संध्याकाळ असते. वर पत्रे आहेत. ऊन चढलं की ते टक टक वाजतात.

मावशीने कुंकू लावलं, हार घातला, आणि काचेवरून बोट फिरवलं. "कानबी बराबर आला," ती म्हणाली.

मी पुढे होऊन पाहिलं. टोपी कानाच्या वर होती. डावा कान पूर्ण दिसत होता आणि त्याचा वरचा तुकडा नव्हता.

टोपी मी माझ्या हाताने ओढली होती. पण माणूस हलतो, टोपी सरकते. उरला कान. तर टोपीची सावली कानाच्या वरच्या कडेवर पडली, प्रिंट काढणाऱ्याने गडद भाग आणखी गडद केला, आणि कड मागच्या काळोखात मिसळली. हे मी वर्गात चित्र काढून सिद्ध करू शकतो. घरी येऊन मूळ फाइल पाहिली. पहिल्या दोन फोटोंत टोपी कानावर होती, पुढच्यांत वर सरकत गेली होती. म्हणजे माझं बरोबर होतं. मी समाधानाने झोपलो.

पुढच्या आठवड्यात कोणाला तरी दाखवायला पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या दोन फोटोंतही टोपी वरच होती. पहिल्यांदा मी घाईत पाहिलं असणार.

४

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर श्रावणकाका मावशीच्या ओट्यावर अण्णाजींच्या खुर्चीत बसले होते. अंगावर स्वतःचाच शर्ट, स्वतःचीच पँट. केसांना पाणी नव्हतं. मी कॅमेरा काढला तसे ते उठले आणि गोठ्याकडे गेले.

"काय काका, आज मूड नाही?"

ते वळलेच नाहीत. थोड्या वेळाने परत येऊन खुर्चीत बसले. तेवढ्यात शालूकाकू चहा घेऊन आपल्या दारात आली, आणि तिथेच थांबली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकली.

आमच्याकडे बाई थोरल्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, अशी वागते. डोक्यावर पदर, समोर बसायचं नाही, हातात काही द्यायचं नाही. अण्णाजी होते तोवर काकूने हे सगळं पाळलं. पण खुर्चीत तिचा नवरा होता. काकूच्याही ते लक्षात आलं असावं. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पदर मागे केला, आणि कप उचलायला पुढे झाली. तेवढ्यात काका नुसते खाकरले. तिचा हात पुन्हा डोक्यावर गेला.

निघताना तिने मला वांग्याच्या वाफ्याशी गाठलं.

"धनू, हे घरात येताना खाकरते रे."

"खोकला झाला असेल."

"खोकला मले समजते," ती म्हणाली. "भासरे खाकरत होते तसे खाकरते. सुना-बायकांनी पदर घ्यावा म्हनून खाकरते मानूस. आपल्या बायकोच्या घरात येताना कोनी खाकरते काय? आन् खाकरले का मी उठून उभी राह्यते. मी ठरवते का नाई उठाचं, तरी उठते. मंग ते वापस जाते, तिकडे." तिने मावशीच्या घराकडे मान हलवली. "बाईबी काई म्हनत नाई. ताट वाढते."

मावशीला यातलं काही खटकत नव्हतं, हे मी पाहिलंच होतं. तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा भरलेला दिसत होता.

"मले माहा मानूस पायजे," काकू म्हणाली. "तू थो फोटो काढ भिंतीवरून. आन् यायचा एक काढ, यायच्या सोताच्या नावानं. तूच म्हनला होता नं, ज्याच्या नावानं लावला त्याचा."

तिला मी समजावून सांगणार होतो. भाऊ गेल्याचं दुःख, कपडे घातल्यामुळे मनावर झालेला परिणाम, असं बरंच माझ्याकडे तयार होतं. पण काकू रडत नव्हती, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "पुढच्या रविवारी दोन्ही करतो," मी म्हणालो. करणं अवघड नव्हतं. फोटोच काढायचा होता.

५

मी मुद्दाम दुपार निवडली. लख्ख उजेडात कानाच्या कडेपाशी गोंधळ होत नाही. काकांना मी त्यांच्याच कोथिंबिरीच्या वाफ्यात नेलं. आढेवेढे न घेता आले, हे मला शुभ वाटलं. डोकं उघडं, टोपी नाही. त्यांचे दोन्ही कान मी जवळ जाऊन पाहिले. दोन्ही धड होते. एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

"काका, नाव सांगा तुमचं," मी थट्टेत म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा तो फोकस पकडेना. भिंग पुढे-मागे गुरगुरत राहिलं. समोर भिंत असली तर असं होतं, किंवा समोर काहीच नसलं तर. मी फोकस हाताने लावला आणि बटण दाबलं.

"झालं काय?" त्यांनी विचारलं. आवाज जाड होता. कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गेलं होतं. ते वाफ्यातून बाहेर आले, आणि चपलेला लागलेली माती दगडावर घासत म्हणाले, "आता श्रावनले बलाव. त्याले हौस हाय. त्याचा काढ."

मी पडद्यावरचा फोटो पाहिला नाही. भीती म्हणून नाही, उन्हात पडदा दिसत नाही.

मी तडक मावशीच्या मधल्या खोलीत गेलो. भिंतीवरचा फोटो काढून गाडीला बांधायचा आणि वर्ध्याला न्यायचा, एवढंच डोक्यात होतं. मावशी बाहेर होती. पत्रे वाजत होते. स्टूल ओढून वर चढलो आणि फ्रेमला दोन्ही हात घातले, तेव्हा माझं तोंड काचेच्या अगदी जवळ आलं.

टोपी कानावर ओढलेली होती, मी बसवली होती तशी. चेहरा गंभीर होता. पण न हसायला सांगितल्यावर हसरा माणूस ओठ जसे आत दाबतो, तसे त्याचे ओठ होते. तो माझ्याकडे बघत होता. हाराच्या फुलांमागून, अंधारात उभं ठेवलेलं माणूस दाराकडे बघतं तसा बघत होता. काचेला आतून वाफ धरली होती, तोंडासमोर तेवढी.

माझ्या पाठीमागे उंबऱ्याशी कोणीतरी खाकरलं.

मी वळलो. दारात ते उभे होते, उजेड पाठीमागे, त्यामुळे चेहरा नव्हता, फक्त आकार. डाव्या कानाचा वरचा कोपरा त्या आकारात नव्हता. "उतर खाली," ते म्हणाले. "पडशीन."

मी उतरलो. फ्रेम भिंतीवर राहिली. वाफ म्हणजे माझाच श्वास होता, बाहेरून. अंधारात काचेची आतली आणि बाहेरची बाजू ओळखता येत नाही.

६

मी हिंगणीला जाणं थांबवलं. पावसाचे दिवस होते, पेपर तपासायचे होते. गावातून येणाऱ्यांना विचारलं तर म्हणत, श्रावण असन इकडेतिकडे. मावशीच्या ओट्यावर कोण बसतं, असं विचारलं की माणसं दुसरीकडे बघत आणि कापसाचा भाव काढत.

एका सकाळी शालूकाकू एसटीने वर्ध्याला आली. रीताने तिला पाणी दिलं. काकू खूप वाळली होती.

"फोटो मांगाले आली," ती म्हणाली. "तू तं यायचे लय काढले होते. एक देजो. मी घरात लावते, हार नाई घालत. मले यायचं तोंड नजरेसमोर येनं बंद झालं, धनू. झोपेत आवाज येते, तोंड येत नाई."

मी संगणक उघडला. दर रविवारचे फोटो तारखेनुसार लावलेले आहेत, या बाबतीत मी काटेकोर आहे. कोथिंबिरीच्या वाफ्यातले होते. पालकाच्या जुड्या बांधतानाचे होते. प्रत्येकात तोच माणूस होता, टोपी घातलेला, डावा कान तुटका, कॅमेऱ्याकडे नाराजीने बघणारा. जन्मात आपणहून कॅमेऱ्यासमोर उभे न राहिलेले अण्णाजी माझ्या हार्ड डिस्कवर शेकड्याने उभे होते. वाफ्यातला शेवटचा फोटो मी तेव्हा पहिल्यांदाच उघडला. त्यात कोथिंबीर होती, आणि मधोमध दोन पावलांएवढी दबलेली जागा होती.

मी पडदा काकूकडे वळवला नाही. "फाइल खराब झाल्या, काकू," मी म्हणालो. रीता माझ्याकडे बघत होती.

काकू खुर्ची ओढून माझ्या जवळ बसली. "नसू दे फोटो. तू मानसाले लय बारीक पाह्यतं. तोंडानं सांग. कसे दिसत होते माहे मालक? मी डोये मिटून आयकते."

हे मला जमण्यासारखं होतं. चेहरे लक्षात ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी सांगू लागलो. रुंद कपाळ. जाड नाक. मिशी खाली वळलेली. बोलणं कमी. हसणं जवळपास नाहीच. चालताना हात मागे बांधायची सवय, आणि दारात आले की एकदा खाकरायचे. मी अगदी सहज सांगत होतो, शब्द आपोआप येत होते, आणि आपण किती नेमकं सांगतो आहोत याचं मला बरंही वाटत होतं.

काकूने डोळे उघडले.

"हे तं भासरे झाले, बापू," ती हळू आवाजात म्हणाली. "माहे मालक सांग."

"सांगतो ना," मी म्हणालो. मी डोळे मिटले, मन एकाग्र केलं आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली. कानापर्यंत आलो तेव्हा काकू रडायला लागली होती.